कोळंबीला बसलेली भीती

४ ऑगस्ट, रविवार

गेली एकदाची. मुलगा ची-युआन आणि सून पेई-यू दोघंही ओसाकाच्या विमानात बसली. तिथं माझी नात हान-निंग बाळंत व्हायची आहे. आजपासून भुतांचा महिना लागला. या महिन्यात शहाणं माणूस प्रवासाला निघत नाही, घर बदलत नाही, कपडेसुद्धा रात्री बाहेर वाळत घालत नाही. मी तसं म्हटलं. पेई-यू म्हणाली, आई, पोटातल्या बाळाला पंचांग कोण वाचून दाखवणार? हजरजबाबी आहे. स्वयंपाक बेताचा.

मला नेलं नाही, कारण माझे गुडघे. आणि कोळंबी. ची-युआननं दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवली आहे. आत बोटाच्या पेराएवढी लालभडक कोळंबी, शेवाळ, बदामाची वाळकी पानं, आणि बुडबुडे सोडणारा पंप. ही खायची नाही, नुसती बघायची. लोक हिच्या स्पर्धा भरवतात म्हणे. मला हसू आलं. आमची पिंगतुंगच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी होती, तळी! नवरा होता तोवर टोपल्या भरभरून काढली. आणि हा लिफ्टपर्यंत मला शिकवत गेला. पाणी एकदम बदलू नकोस, फार खायला घालू नकोस, टाकीजवळ कसलंही औषध फवारू नकोस. मी हो हो म्हटलं. अर्धं ऐकू आलं.

ठरलंय ते असं. कोळंबी नीट सांभाळली, तर भुतांचा महिना संपला की मी माझ्या गावी, माझ्या घरी. एकटी. गेल्या हिवाळ्यात गॅसवर भांडं जळलं म्हणून या लोकांनी मला काओशुंगला सहाव्या मजल्यावर आणून ठेवलं. भांडं आधीपासूनच काळं होतं, पण ऐकतो कोण. मी ची-युआनला विचारलं, मग नक्की ना? तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे हो.

पिशवी भरून दाराशी ठेवली.

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळ

संकल्प. रोज पहाटे उठायचं. देवाला उदबत्ती, मग कोळंबी, मग चहा. रोज लिहायचं. गावच्या म्हाताऱ्यांच्या शाळेतल्या बाई सांगायच्या, आमा (आम्हा सगळ्या आज्यांना त्या आमाच म्हणायच्या), रोज चार ओळी लिहिल्या की अक्षर बसतं. माझं अक्षर अजून उभंच आहे.

त्याच दिवशी, चहानंतर

अनर्थ. पहिल्याच दिवशी एक मेली. तळाशी पडली होती. पार पांढरी, काचेसारखी आरपार, डोळेसुद्धा पोकळ. मी रडले. चमच्यानं काढून गॅलरीतल्या कांद्याच्या कुंडीत पुरली, उदबत्ती लावली. मग फोन केला. ची-युआन तिकडून हसला. म्हणे आई, ती मेली नाही, तिनं कात टाकली. साप टाकतो तशी. वाढताना जुनं कवच काढून ठेवते. ते आतच राहू दे, बाकीच्या खातात, त्यांच्या अंगात चुना जातो.

मला माहीत होतंच. आमच्या तळ्याचं पाणी गढूळ, त्यात कात कुठली दिसायला? याला माहीत आहे का तेवढं बघत होते.

कुंडीतली उदबत्ती तशीच राहू दिली. कांद्याला.

७ ऑगस्ट, बुधवार

टाकीसाठी एक कॅमेरा लावला आहे, भिंतीतल्या फळीवर. तो बोलतो. मी सोफ्यावर पेंगत होते तर एकदम ची-युआनचा आवाज. आई, नीट आडवी हो, मान धरेल. दचकून माझी चप्पल उडाली. कॅमेरा कोळंबीवर लक्ष ठेवायला आहे असं तोच म्हणाला होता. पण तोंड सोफ्याकडे. एवढा शिकलेला मुलगा, कोन कळत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

डास. वॉर्डातला माणूस दारोदार फिरून कुंड्यांखालच्या बशा उपड्या करत होता, डेंग्यूचे दिवस आहेत. मी त्याला चहा दिला. माणूस आला की बरं वाटतं. तो गेल्यावर डासांची कॉइल लावली. औषध फवारायचं नाही हे मी विसरलेले नाही. कॉइल म्हणजे फवारणं नव्हे, ती उदबत्तीची बहीण. लावली पंपाशेजारी, टाकीच्या स्टँडवर. तिथं जरा वारा असतो, धूर पसरतो. शिवाय कोळंबीलाही डास चावायला नकोत.

खाली जायचं मनात होतं. पण दाराला किल्लीऐवजी आकडे दाबायचे कुलूप. बाहेर पडता येतं, आत यायचे आकडे डोक्यात राहत नाहीत. कागदावर लिहून ठेवायचं नाही, चोर वाचतील, असं पेई-यू सांगून गेली आहे. म्हणून गॅलरीत उभी राहिले. गॅलरीला लोखंडी गज. गजातून खालच्या कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकलं. सगळ्या बायका पिशव्या घेऊन धावत होत्या. काय मजा.

११ ऑगस्ट, रविवार

पहिला पेशंट. एकीच्या नाकाच्या टोकावर पांढरा कापूस. चष्मा लावून बघितलं, कापूस हलतो. ची-युआनला (म्हणजे कॅमेऱ्याला) दाखवलं. तो म्हणाला, बारीक जंतू असतात, नाकावर बसतात. वेगळ्या वाडग्यात मिठाचं पाणी कर, तिला थोडा वेळ त्यात ठेव, मग परत सोड. मीठ मोजायला काटा कुठं आहे ते सांगायला लागला. मी म्हटलं काटा तुझ्याजवळ ठेव. मी बोट बुडवलं आणि चाखलं. खाडीचं पाणी जिथं नदीला भेटतं, तेवढं खारट. तळ्यावर जन्म गेला, जीभ अजून शाबूत आहे.

ठेवली, काढली, सोडली. दुपारी नाक स्वच्छ!

ची-युआन म्हणाला, "आई, तू तर डॉक्टरीण झालीस." मी कॅमेऱ्याकडे बघून केस नीट केले.

गावातल्या आ-क्विनला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणे देवळापुढे नाटकवाले आलेत, मांडव पडलाय, पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची मी अडवून ठेवते. मी म्हटलं या वर्षी भुतांना बसू दे तिच्यावर, महिना संपला की उठव. पिशवीत छत्री टाकली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मुलगी झाली! हान-निंगला मुलगी झाली! मी पणजी! फोनमध्ये दिसली. लाल, सुरकुतलेली, डोळे मिटलेले, अगदी उकडलेल्या कोळंबीसारखी. असं म्हणायला नको होतं, पेई-यूचं तोंड वाकडं झालं. पण आमच्या तळ्याकाठी याहून मोठं कौतुक नाही.

तिळाच्या तेलात आलं परतून, दारू घालून कोंबडी केली. बाळंतिणीनं खायची असते, पण ती ओसाकाला, आणि कुणीतरी खायला हवी. कोळंबीलाही तोंड गोड म्हणून मूठभर जादा खाणं टाकलं. घरात आनंद असताना एकानं उपाशी राहणं बरं नाही. आनंदात कॉइलही दोन लावल्या.

१४ ऑगस्ट, बुधवार

हान-निंगचा फोन. रडत होती. महिनाभर घराबाहेर नाही, वाऱ्याला जायचं नाही, केस धुवायचे नाहीत, आणि तिची आई दाराशी पहाऱ्याला. म्हणते, "आमा, मी कोंडून गेले गं." मी समजावलं. बाळंतिणीचा महिना असतोच असा. पण महिनाच तो, मग दार उघडतं. सगळी दारं उघडतात. फोन ठेवल्यावर माझं मलाच बरं वाटलं. मी बोलते छान.

१५ ऑगस्ट, गुरुवार

कोळंबी नाचते आहे. गोल-गोल, काचेवर आपटत, खालून वर, वरून खाली. आधी वाटलं बाळाची बातमी कळली. पण दोन-तीन उताण्या पडून पाय हलवत होत्या. हा आनंद नव्हे.

विचार केला. मग लख्ख कळलं. भीती! पोराला भीती बसली की असंच होतं. झोपेत दचकतं, खात नाही, डोळे फिरवतं. काल खाली कुणीतरी दुकानाच्या पूजेला फटाके लावले, त्या आवाजानं यांचा जीव उडाला. ची-युआन लहान असताना कुत्र्याला घाबरला तेव्हा त्याचा सदरा नेऊन भीती उतरवून आणली होती. आता इंजिनियर आहे.

त्याला कळवलं नाही. बाळंतिणीच्या घरात काळजी कशाला. उद्या जाते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ

जाऊन आले! बाहेर! दारात चप्पल अडकवून ठेवली, म्हणजे आकड्यांचा प्रश्न नाही. खालच्या मजल्यावरची ग्वो-बाई बरोबर आली. तिला दम लागतो पण जिभेला लागत नाही. वाटेत तिनं सगळ्या इमारतीची खबर सांगितली, मी मनापासून ऐकली.

देवळामागं भीती उतरवणारी बाई बसते. रोगी आला नसला तर त्याचं अंगावरचं वस्त्र लागतं. मला ठाऊक होतं, मी विचार करूनच गेले होते. टाकीतल्या साऱ्या काती गोळा करून रुमालात बांधून नेल्या. कात म्हणजे अंगावरून उतरलेलं वस्त्रच की! रुमाल सोडला. बाईनं चष्मा वर केला. ग्वो-बाई दुसरीकडे बघायला लागली.

बाई म्हणाली, "रोग्याचं नाव?"

मी म्हटलं नाव नाही, पुष्कळ आहेत.

"वय?"

मी म्हटलं मोठ्या आहेत, एकीच्या पोटात अंडी आहेत.

बाई मुरलेली. वाटीभर तांदूळ घेतले, रुमालात बांधले, वरून उदबत्ती फिरवली, पुटपुटली, रुमाल उघडून तांदळात बघितलं. म्हणाली, धक्का वरच्या बाजूनं आलाय, काहीतरी हवेतून. मी म्हटलं, फटाके! ग्वो-बाई म्हणाली, विमान असेल, घरचे गेलेत ना विमानानं. आम्हा तिघींचं त्यावर बराच वेळ चाललं. मग अंगाऱ्याची पुडी मिळाली. चिमूटभर पाण्यात सोडायचा.

येताना ग्वो-बाईबरोबर बर्फाचा गोळा खाल्ला, आंब्याचा. दिवस फार म्हणजे फारच चांगला गेला. आल्यावर अंगारा सोडला. कॉइल लावायला गेले तर डबा रिकामा. असू दे.

१७ ऑगस्ट, शनिवार

उतरली! भीती उतरली! सगळ्या शांत. दगडावर बसून हातानं चरताहेत, पुढच्या पायांनी तोंड पुसताहेत. विज्ञान हरलं, अंगारा जिंकला. कॅमेऱ्यातून ची-युआननं विचारलं, पाणी जरा राखाडी का दिसतंय? मी म्हटलं तुझ्या कॅमेऱ्याची काच पुस.

१८ ऑगस्ट, रविवार

सातव्या महिन्याची पौर्णिमा. इमारतीखाली भुतांच्या जेवणाची टेबलं मांडली. फळं, नूडल्सची पाकिटं, बिस्किटं, थंड पेयं. आजकालची भुतं काहीही खातात. मी एका बशीत कोळंबीचं खाणं ठेवलं. कुणासाठी, असं ग्वो-बाईनं विचारलं. मी म्हटलं असंच, कुणी आलंच तर. आमच्या तळ्यात ज्या वर्षी रोग आला त्या वर्षी सगळं पाणी पांढरं झालं होतं. त्यात मेलेल्या कोळंबीला कधी कुणी ताट वाढलं नाही.

येताना कॉइलचा नवा डबा आणला. जोरदार, जास्त वेळ टिकणारी. परत पंपाशी लावली.

२१ ऑगस्ट, बुधवार

कात टाकण्याची साथच आली आहे. आज सकाळी तळाशी इतक्या काती! एकाच दिवशी सगळ्यांनी कपडे बदलले. बाळ झालं म्हणून असेल, नवे कपडे.

या काती जरा वेगळ्या. आरपार दिसत नाहीत. भरलेल्या, दुधट गुलाबी, शिजवल्यासारख्या. वास पण आहे. उन्हाळ्यातली कात असते अशी. जाड.

बाहेर काढल्या नाहीत. आत राहू दे, असं त्यानंच सांगितलंय.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आणखी कात. फिरणाऱ्या कमी दिसतात. शेवाळात लपल्या असणार, कात टाकल्यावर अंग मऊ असतं, लाजतात. एकीच्या मानेभोवती पांढरी रेघ, कॉलरसारखी. अंगावरून कवच निघेना, आतच अडकली होती. बराच वेळ धडपडत होती. मी बसून होते जवळ. काय करणार. बाहेर ओढली तर तुटेल. मी काचेला बोट लावून ठेवलं.

दुपारी तीही कात झाली.

कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. धूळ बसते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

ची-युआनचा फोन, कॅमेरा काळा का. मी म्हटलं त्याला आराम. कोळंबी कशी आहे? मी म्हटलं शांत. खोटं बोलले नाही.

पिशवीतून कंगवा काढला, केस विंचरायला. परत टाकायचा राहिला.

२४ ऑगस्ट, शनिवार

ग्वो-बाई शेंगदाणे घेऊन आली. दारातच खोकायला लागली. आमा, हे काय, घर आहे का देऊळ? मग टाकीशी गेली. वाकली. पंपाकडे बघितलं, कॉइलकडे बघितलं, तळाशी बघितलं.

म्हणाली, "अगं, हा पंप धूर ओढतोय आणि पाण्यात सोडतोय. डास मारायचं ते. हे जीव डासाहून काय मोठे?"

मी तिला सांगितलं की माझी तळी होती, तिची कधी नव्हती. ती शेंगदाणे सोलत बसली. जाताना म्हणाली, त्या काती नव्हेत, आमा. मी म्हटलं उशीर झाला, तुझा नवरा वाट बघत असेल.

तो वारलाय. मला माहीत आहे. तोंडातून गेलं.

कॉइल विझवली. तिच्या सांगण्यावरून नाही. डबा तसाही संपत आलाच होता. उरलेला बाहेर कचऱ्यात दिला.

२५ ऑगस्ट, रविवार

सगळ्या काती काढल्या. कांद्याची कुंडी भरली. पाणी थोडं-थोडं करून बदललं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. ची-युआननं सांगितलं होतं तसंच. बघा, सांगितलेलं माझ्या लक्षात असतं.

दुकानातून तशाच लाल आणून सोडाव्यात असं एकदा मनात आलं. पण ती फसवणूक. शिवाय दुकान रविवारी बंद.

२८ ऑगस्ट, बुधवार

एक आहे! शेवाळाच्या मागं, बदामाच्या पानाखाली. अंडीवाली! पोटाखाली पिवळी अंडी, पायांनी सारखी वारा घालते. मी तिला पालकाचं पान उकडून दिलं, आणि सांगितलं, बाई, घाबरू नकोस, महिनाच आहे. तिनं अंग चोरलं. नंतर आली पानाशी.

आ-क्विनचा फोन. नाटकवाले गेले. खुर्ची तिनं घरात नेऊन ठेवली आहे, पावसात भिजेल म्हणून.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या भुतांचा महिना संपतो. उद्याच ती दोघं येतात. तयारी पक्की केली आहे. आधी बाळाचं विचारायचं, मग फळं कापायची, मग टाकी. टाकीबद्दल सांगायचं की संख्या महत्त्वाची नाही, जात टिकली हे महत्त्वाचं. नाकाच्या कापसाची गोष्ट परत सांगायची. मग गावाचं काढायचं. पिशवीत कंगवा टाकला. कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढला.

३ सप्टेंबर, मंगळवार

आली काल. बाळाचे व्हिडिओ बघितले, तिचे केस माझ्यासारखे आहेत, वरती उभे. फळं कापली. ची-युआन टाकीपाशी गेला, बराच वेळ वाकून बघत होता. मी नाकाच्या कापसाची गोष्ट सुरू केली. तो ओरडेल, मग मी रडेन, मग तो समजूत घालेल, असं सगळं माझ्या डोक्यात होतं.

तो म्हणाला, "असू दे आई. काही हरकत नाही."

एवढंच. मला ते आवडलं नाही. लग्नानंतर माझी सासू मला ओरडायची नाही, तेव्हा समजायचं की आता हिच्या हातात काही द्यायचं नाही असं ठरलंय.

पेई-यूला गप्प राहवत नाही. भाजी निवडता-निवडता म्हणाली, आई, मनाला लावून घेऊ नका, स्पर्धेची चांगली कोळंबी यांनी जायच्या आधीच मित्राकडे ठेवली होती, ती रविवारी परत येतेय. या साध्याच होत्या, तुमचा वेळ जावा म्हणून. मग निवडलेलीच भाजी परत निवडायला लागली.

म्हणजे बघा, मुलानं किती विचार केला. माझ्यावर जबाबदारीचा भार पडू नये म्हणून.

जेवताना गावाचं काढलं. महिना संपला, आजचा दिवस चांगला आहे, आ-क्विननं खुर्ची जपून ठेवली आहे. ची-युआननं माझ्या ताटलीत माशाचा मधला तुकडा वाढला, काटे काढून. म्हणाला, "बघू."

मीही विचार केला. इतक्यात जाणं बरं नाही. अंडीवालीची पिल्लं व्हायची आहेत. तिला माझी सवय आहे, या घरात दुसरं कुणी तिच्याशी बोलत नाही. थंडीपर्यंत राहते असं मीच त्यांना सांगून टाकलं. दोघंही एकदम हो म्हणाली. पिशवीतून छत्री काढून ठेवली, इथं लागेल.

मग मी म्हटलं, तो कॅमेरा तरी नीट लाव, इतके दिवस उगाच सोफा बघत बसला. ची-युआन लगेच उठला. स्टुलावर चढून फिरवला, फोनमध्ये बघितलं, जरा आणखी फिरवला.

आज सकाळी बघते तर त्याचं तोंड दाराकडे. कोळंबी काय दारातून जाणार आहे? पण असू दे. मुलाला कोन कळत नाही.